वरून नववी ओळ

ही गोष्ट मी बनवलेली नाही. बनवली असती तर शेवट तरी चांगला केला असता.

मी सातवीला गणित शिकवते. भुताखेतांची मला हौस नाही. वर्गात कुणी म्हणालं, "मॅडम, त्या मागच्या खोलीत काहीतरी आहे," की मी त्यालाच खडूचा डबा आणायला त्या खोलीत पाठवते. वीस वर्षं पाठवतेय. सगळी पोरं धड परत आली आहेत.

पण १४ सप्टेंबर २०१९, शनिवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, भर उन्हात आणि हजारो माणसांच्या देखत जे झालं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आधी मागचं सांगते. त्याशिवाय हे कळायचं नाही.

आमचं शहर सरोवराच्या काठी आहे आणि शहराच्या मधोमध मोठं मैदान आहे. तिथे काय झालं नाही ते विचारा. रविवारी फुटबॉल. ईदला नमाज. लंगड्यांना चालायला लावणारे पाद्री येतात ते तिथेच, आणि मतं मागणारे येतात तेही तिथेच. पूर आला त्या वर्षी धावपट्टीवर तंबू लागले होते आणि गोलच्या जाळीवर लोकांनी कपडे वाळत घातले होते. माझं लग्नसुद्धा पश्चिमेच्या गॅलरीत ठरलं. आमच्या संघाने गोल केला, त्याच वेळी त्याने विचारलं. मी हो म्हणाले ते त्याला ऐकूच गेलं नाही, परत सांगावं लागलं.

पश्चिमेची गॅलरी छपराची. साहेब लोकांची.

पूर्वेची गॅलरी उघडी. नुसत्या सिमेंटच्या पायऱ्या, वर आभाळ. तिथे मी १९८६ नंतर पाय ठेवला नव्हता.

९ डिसेंबर १९८६. आमच्या देशाच्या स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली होती. मी अकरा वर्षांची होते.

तेव्हा असा मोठा दिवस आला की शाळाशाळांतून पोरं निवडायचे आणि महिनाभर सराव चालायचा. आमच्याकडे त्याला हलाईकी म्हणतात. काही पोरं मैदानात कवायत करायची. बाकीची हजार-बाराशे गॅलरीत बसायची, प्रत्येकाच्या हातात रंगीत पानांची मोठी वही. समोरून निशाण हललं की सगळ्यांनी एकदम पान उघडायचं. मग समोरच्या साहेबांना अख्ख्या गॅलरीभर चित्र दिसायचं. आमचं चित्र जिराफाचं होतं.

हजार पानं एकदम उघडली की आवाज यायचा... फर्रर्र. अंगावर काटा यायचा माझ्या. आनंदाने.

आम्हाला शिकवायचे लुहेंदे सर. उंच, देखणे, कडक इस्त्रीचे. त्यांनी नाव घेऊन हाक मारली तर आम्ही दिवसभर त्या हाकेवर जगायचो. त्यांचा एकच नियम होता.

"चित्रात भोक पडता कामा नये."

कुणाला घेरी आली तर शेजारणीने तिची वही घ्यायची. एका हातात आपली, एका हातात तिची. दोन्ही धरायच्या. आणि पांढरं पान डोक्यावर तीनदा दाखवायचं. मग सर खालून लाल निशाण वर करणार. म्हणजे 'कळलं, माणूस पाठवतो.'

माझ्या शेजारी न्यांजाला बसायची. माझी जिवाभावाची मैत्रीण. तिची आई बाजारात वाळवलेली मासळी विकायची, म्हणून पोरी तिला नाक दाबून दाखवायच्या. ती उलट त्यांच्याच अंगावर जाऊन बसायची. "घे, हुंग. फुकट आहे!" म्हणायची. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की सामन्याचा पंच थांबायचा.

आम्ही आत यायचो वरच्या गेटातून आणि ओळी वरून मोजायचो. आमची वरून नववी. माझी जागा बाविसावी, तिची तेविसावी.

जिराफाचा डोळा तिच्याकडे होता. एकच काळं पान.

त्या दिवशी आम्ही सकाळी सहाला जागेवर बसलो. पाहुणे नऊला येणार होते. दहा वाजले. अकरा वाजले. सिमेंट तापून मांड्या भाजायला लागल्या.

"तुझं अंग केवढं तापलंय गं," मी म्हणाले.

"काल रात्रीपासून ताप आहे. सरांना बोललीस तर बघ."

"का?"

"काढून टाकतील. मग बूट परत द्यावे लागतील."

हलाईकीच्या पोरींना त्याच सकाळी कोरे पांढरे कापडी बूट मिळाले होते. न्यांजालाच्या आयुष्यातले पहिले बूट. ती दर थोड्या वेळाने वाकून ते थुंकीने पुसायची.

पाहुणे आले दोन वाजता. बँड वाजला. निशाण हललं. फर्रर्र...

आणि न्यांजाला माझ्या अंगावर कलंडली.

मी तिची वही घेतली. दोन्ही धरल्या. मग पांढरं पान डोक्यावर दाखवलं. एकदा... दोनदा... तीनदा.

खाली सरांनी लाल निशाण वर केलं.

माझ्याकडे बघून. मी आजही शपथेवर सांगेन, माझ्याकडे बघून.

माझा जीव भांड्यात पडला. आता कुणीतरी येईल. मी न्यांजालाला म्हणाले, "येतायत गं. सरांनी बघितलं." मी डोळ्याचं काळं पान घट्ट धरून बसले. खरं सांगायचं तर मनातून मला अभिमानही वाटत होता. जिराफाचा डोळा माझ्या हातात होता.

कुणी आलं नाही.

पाऊण तास भाषण चाललं. मी पांढरं पान परत दाखवलं. सरांनी परत निशाण वर केलं.

कुणीच आलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर सर स्वतः वर आले. तिच्या गालाला हात लावला. मग मला म्हणाले, "तू खाली जा बाळ. झोपलीय ती. मी पाणी पाजतो." मी गेले. सर म्हणाले म्हणून गेले.

संध्याकाळी न्यांजाला सापडली. मागच्या गेटाबाहेर, आंब्याच्या झाडाखाली, गार पडलेली.

अनवाणी.

तिची आई मैदानाच्या दारात आली तेव्हा तिच्या हाताला मासळीचे खवले चिकटलेले होते. ती ओरडत नव्हती. प्रत्येकाला एकच विचारत होती. "माझी पोर आत होती का?"

सर म्हणाले, "नाही हो. आज ती आलीच नव्हती, तिच्या जागी दुसरी बसवली. बाहेरच हुंदडत असेल. उद्या पेपरात फोटो येईल, बघा. आत कुणी पडलं असतं तर चित्रात भोक दिसलं असतं. एक दिसलं तर मला सांगा."

"मग तिचे बूट? आज मिळणार होते ना?"

"बूट आलेल्या पोरींना दिले आम्ही."

मग ती माझ्याकडे वळली. "मिलेम्बे, तू सांग. तू तर तिच्या शेजारीच बसतेस. होती ना ती?"

माझ्या खांद्यावर सरांचा हात आला. मघाशीच त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दोन वह्या तू धरल्यास. कळलं तर पोलीस तुलाच विचारतील, का लपवलंस म्हणून." मी अकरा वर्षांची होते. ज्या माणसाच्या एका हाकेवर मी दिवस काढायचे, तोच माणूस हे म्हणाला होता.

मी म्हणाले, "आलीच नव्हती."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. जिराफ अगदी पूर्ण होता. डोळा काळाभोर. माझ्याच दोन हातांनी मी सरांचा पुरावा तयार करून दिला होता.

त्यानंतर तेहतीस वर्षं मी मासळी बाजाराच्या दुसऱ्या टोकाकडून घेतली.

२०१९ मध्ये मैदानाला पन्नास वर्षं झाली. नवे दिवे लागले, पूर्वेच्या गॅलरीत निळ्या खुर्च्या बसल्या, खालून नवे जिने आले. आणि ठरलं की जुन्यासारखी हलाईकी करायची. शिकवायला कोण? मुख्याध्यापकांनी माझं नाव देऊन टाकलं. नाही म्हणायला कारण लागतं. माझं कारण सांगायचं तर आधी जुनं खोटं सांगावं लागलं असतं.

मी हो म्हणाले, पण नियम माझे. दर अर्ध्या तासाला पाणी. आणि पहिल्याच दिवशी पोरांना सांगितलं, "बरं वाटत नसेल तर वही खाली ठेवायची आणि उठून चालायला लागायचं. चित्र गेलं चुलीत."

दोन वह्यांचा नियम मी कुणालाही सांगितला नाही. एकाही पोराला नाही. हे लक्षात ठेवा.

खुर्च्यांच्या ओळींना आता खालून वर आकडे रंगवलेले होते. नवव्या ओळीत मला मूल नको होतं, म्हणून मी खालच्या नऊ ओळी रिकाम्याच ठेवल्या. पोरं दहावीपासून वर तिसावीपर्यंत. मी स्वतः वर चढतच नसे. खाली मैदानातल्या चौथऱ्यावरून निशाण हलवायची.

सरावाचा तिसरा दिवस. दुपारचे तीन. निशाण हललं. फर्रर्र... साडेआठशे पानं उघडली.

सगळं शांत झालं.

आणि मग... एक पान.

फर्र.

एकच. उशिरा.

"कोण झोपलंय रे?" मी ओरडले. पोरं हसली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. सगळ्यांचं उघडून झालं की क्षणभर थांबून... एक पान.

मग फोटो बघितले. आमचं चित्र डोंगराचं होतं, डोंगरावर मशाल. मशालीच्या ज्योतीत एक पांढरा ठिपका होता. बाविसावी ओळ, तेविसावी खुर्ची. तिथे म्बुके नावाची पोर होती. बोलघेवडी, पण खोटारडी नव्हे.

"वही उघडत नाहीस का गं?"

"उघडते मॅडम. पण ती म्हणते राहू दे."

"ती कोण?"

"शेजारची ताई. म्हणते, दमलीस तर दे माझ्याकडे, मी दोन्ही धरते."

मी म्बुकेच्या दोन्ही बाजूच्या पोरींकडे बघितलं. दोघींनी माना हलवल्या. त्या काही बोललेल्या नव्हत्या.

मनाला समजावलं, कुणाच्या तरी आजीने जुना नियम सांगितला असेल. तेव्हाच्या पोरी आता आज्या झाल्या आहेत. समजूत काढायला माणसाला फार वेळ लागत नाही.

दुसरी पोर बसवली. दोन दिवसांत तिनेही खुर्ची सोडली. म्हणाली, "बाजूला मासळीचा वास येतो."

मग तिथे कुणीच बसेना. "मॅडम, तुम्हीच बसा ना वर!" एक आगाऊ पोर म्हणाली. अख्खी ओळ खदखदली. मला राग आला. शिक्षकाचा राग वाईट. त्या रागात मी माझ्या मुलीला हाक मारली.

मिन्झा. अकरा वर्षांची. चौदाव्या ओळीत बसायची.

"जा, त्या खुर्चीत बस. मास्तरणीची पोर बसली की यांची तोंडं बंद होतील."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि वर गेली.

त्या दिवसापासून फोटोत ठिपका आला नाही. उशिराचं पानही वाजलं नाही. मला केवढं बरं वाटलं! "काही त्रास नाही ना गं?" मी घरी विचारलं. मिन्झा मक्याच्या उगालीचा घास मोडत म्हणाली, "नाही. ताई चांगली आहे." मला वाटलं, शेजारच्या मोठ्या पोरीबद्दल बोलतेय.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं.

शेवटच्या सरावाला लुहेंदे सर आले. जुने प्रशिक्षक म्हणून त्यांचा सत्कार होता. काठी टेकत आले. इस्त्री मात्र तशीच. मी तीन रात्री मनात घोकलेलं वाक्य त्यांच्यापुढे टाकलं.

"सर, न्यांजाला आठवते?"

"कोण न्यांजाला?"

"माझ्या शेजारी बसायची. शहाऐंशी साली."

ते हसले. "अगं मिलेम्बे, हजार पोरं होती. एकेकीचं नाव लक्षात ठेवलं असतं तर माझं डोकं फुटलं असतं."

मनात म्हटलं, म्हातारा झालाय, खरंच विसरला असेल. मी तेहतीस वर्षं छातीवर धोंडा घेऊन फिरतेय आणि हा विसरलासुद्धा. त्या रात्री मी घरी येऊन रडले. नवऱ्याला सांगितलं, डोकं दुखतंय.

१४ सप्टेंबर. शनिवार.

पाहुणे उशिरा आले. पाहुणे उशिराच येतात. मैदान खचाखच भरलेलं. मिन्झाने सकाळी घाईत अर्धा कप पेज घेतली होती. पांढरे कोरे बूट घालून टुणटुण उड्या मारत गेली होती. मी पाणी वर पाठवत होते, बारकाईने बघत होते. पण बघत होते चित्राकडे. कुठे भोक पडलं की माणूस धाडायचा, असं मी मदतनिसांना सांगून ठेवलं होतं.

दोन वाजून आठ मिनिटांनी मी निशाण हलवलं.

फर्रर्र...

डोंगर उभा राहिला. ज्योत पेटली. माणसं उठून उभी राहिली. असं चित्र सरावात एकदाही जमलं नव्हतं. एक भोक नाही. एक पान वाकडं नाही.

लुहेंदे सर माझ्या शेजारी चौथऱ्यावर होते. त्यांचे डोळे भरून आले.

"वा," ते पुटपुटले. "याही वेळी तिथे नीट आलं. वरून नववी ओळ... तेविसावी."

मी त्यांच्याकडे बघितलं.

त्यांना सगळं आठवत होतं. ओळ. खुर्ची. सगळं.

आणि मग माझ्या डोक्यात तो हिशेब लागला. तीस ओळी. वरून नववी म्हणजे खालून...

बाविसावी.

मी खालच्या नवव्या ओळीला भीत बसले होते. रंगवलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून. गणिताची बाई! आणि माझी पोर मीच, माझ्या हाताने...

मी परत चित्राकडे बघितलं. ज्योतीतलं ते एक पान जागेवर होतं. शेजारची पानं वाऱ्याने फडफडत होती. ते फडफडत नव्हतं.

मी निशाणं टाकली आणि धावत सुटले. मागून कुणी तरी ओरडलं. बँड वाजतच होता. नवे जिने, बावीस ओळी. माझ्या धक्क्याने पोरं उठत होती, डोंगर फाटत होता, माणसं हसत होती. माझी चप्पल कुठे गेली मला माहीत नाही.

तेविसाव्या खुर्चीत...

वही होती. उघडी. सरळ उभी. पान बरोबर नारिंगी.

धरायला कुणी नव्हतं.

"मिन्झा कुठाय?" मी शेजारच्या पोरीला हलवलं.

ती म्हणाली, "ही काय मॅडम, बसलीय की. मघापासून बसलीय." आणि तिने खुर्चीकडे बोट केलं. रिकाम्या खुर्चीकडे.

मिन्झा खाली होती. दोन ओळींच्या फटीत, सिमेंटवर, मुटकुळं करून. ओठ पांढरेफटक. अंग भट्टी.

मी तिला उचललं, तेव्हा वही मिटून पडली.

मिन्झाचे पाय उघडे होते. बूट नव्हते.

तंबूत नर्सने तिच्या डोक्यावर पाणी ओतलं, हातात सुई घातली. "अजून थोडा वेळ गेला असता तर..." एवढंच म्हणाली. बऱ्याच वेळाने मिन्झाने डोळे उघडले.

"उठून का नाही आलीस गं? मी सांगितलं होतं ना?"

"येत होते. ताई म्हणाली झोप. मी दोन्ही धरते."

"कसली ताई?"

"ती अनवाणीवाली. मी म्हटलं, आई येईल बघायला. ती म्हणाली, भोक नाही दिसलं तर कुणी येत नाही. माझ्याकडेही कुणी आलं नाही."

मी तिच्या केसांतलं पाणी पुसत राहिले.

तेवढ्यात खांद्यावर हात आला. तोच हात. म्हातारा झालेला, पण तसाच जड.

"मिलेम्बे," लुहेंदे सर हळूच म्हणाले, "आज एवढे मोठे लोक आलेत. गाजावाजा नको. आपण लिहून देऊ, मुलगी आज आलीच नव्हती. फोटो आहेत. एक भोक नाही."

तेच शब्द.

माझ्या आत तेहतीस वर्षं जे तुंबलं होतं ते तेव्हा फुटलं. तो हात मी झटकला. नर्स, मदतनीस, समितीचे दोन लोक, सगळ्यांपुढे ओरडले, "न्यांजालाही आली होती! माझ्या अंगावर पडली होती! मी तीनदा पांढरं पान दाखवलं आणि तुम्ही निशाण वर केलंत! का वर केलंत, माणूस पाठवायचा नव्हता तर?"

सरांची नजर मिन्झाच्या अनवाणी पायांवर गेली आणि तिथेच थांबली. मग मान खाली घालून ते निघून गेले. काठी तंबूतच राहिली.

माझं काय झालं? कार्यक्रम उधळला म्हणून मला नोटीस आली. पेपरात फोटो आला, मी धावण्याआधीचा. एक भोक नाही. वरिष्ठ म्हणाले, "मॅडम, तुमची मुलगी तर जागेवर दिसतेय." तो फोटो मी भिंगातून बघितला आहे. ज्योतीतल्या त्या वहीच्या कडेवर बोटं आहेत. माझ्या मुलीची नाहीत.

पुढच्या रविवारी मी बाजाराच्या त्या टोकाला गेले, जिथे तेहतीस वर्षं गेले नव्हते.

ती होती. पिकलेली, वाकलेली, समोर मासळीचे ढीग. बाजार तिला अजून न्यांजालाची आई म्हणूनच हाक मारतो.

मी तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. ताप. वही. लाल निशाण. बूट कुणी काढले असतील ते. माझं खोटं. मिन्झाचंही सांगितलं.

ती माशा वारत ऐकत राहिली. एक गिऱ्हाईक आलं, त्याला तिने माप घालून दिलं. मग म्हणाली,

"माझी पोर मेली तेव्हा नाही सांगितलंस. तुझी वाचली तेव्हा सांगतेस."

मी घरंगळलेली एक मासळी उचलून ढिगावर ठेवली.

"मी घरोघर फिरून म्हणत होते, आत होती ती. बायका म्हणायच्या, वेडी झालीय. तुझ्या आईनेही म्हटलं." तिने फडकं झटकलं. "मला कशाला सांगतेस आता? मला माहीतच होतं. मी विचारलं होतं मैदानात. तिथे जाऊन सांग."

मी गेले. दुसऱ्या दिवशी, दुपारी तीनला. मैदान रिकामं होतं. लांब एक माणूस गवत कापत होता. मी बावीस ओळी चढले आणि माझ्या जुन्या जागेवर बसले. शेजारच्या खुर्चीवर नवे पांढरे बूट ठेवले. अकरा वर्षांच्या पोरीचे.

मग मोठ्याने बोलले. "न्यांजाला आली होती. माझ्या शेजारी बसली होती. तिला ताप होता. मी खोटं बोलले."

गवत कापायचं यंत्र थांबलं. वारा नव्हता. काहीच नव्हतं.

बराच वेळ बसले. मग उठले, चार ओळी उतरले, आणि मागे...

फर्र.

एक पान.

मी वळून बघितलं. खुर्ची रिकामी होती. बूट होते तिथेच होते, एका बाजूला आडवे पडलेले, कुणी पायाने ढकलल्यासारखे.

तिने ते घेतले नाहीत.

मिन्झाचे बूट मात्र अजून सापडलेले नाहीत. तिचा पाय आता वाढलाय, सापडले तरी यायचे नाहीत. पण मी रोज सकाळी दार उघडलं की आधी उंबऱ्याकडे बघते. ते बूट परत आले तर समजेन, तिने मला माफ केलं.

अजून आलेले नाहीत.